पांगाऱ्याचा दस्ता

रायफलीच्या ज्या लाकडी भागावर नेमबाज गाल टेकवतो आणि ज्याचं मागचं टोक खांद्यात रोवतो, त्याला दस्ता म्हणतात. या मागच्या टोकाला, खालच्या अंगाला, बगलेत शिरून बसणारा एक बाक असतो. रेंजवर सगळे त्याला हूक म्हणतात. मी घरी केलेल्या दस्त्याचा हूक फार देखणा झाला होता. हे मी स्वतःच म्हणत असे, आणि चारचौघांत म्हणत असे. आता तो हूक दस्त्यापासून कापून वेगळा झाला आहे आणि माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. खण उघडला की पांगाऱ्याच्या लाकडाचा फिकट, किंचित आंबूस वास येतो. मी खण लगेच लावून घेते.

दस्ता मी माझ्या नणंदेसाठी केला होता. सासरी, खाडीकाठच्या आमच्या कोळी गावात, तिला लहानथोर सगळे बाय म्हणतात. मीही बायच म्हणते. ती माझ्या नवऱ्याहून चार वर्षांनी धाकटी. गावाभोवती आता टॉवर उभे राहिले आहेत आणि गच्चीवरून खाडीची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. पण बाजारातला मासळीचा ओटा सासूबाईंकडून बायकडे आला आणि ती तो अजून चालवते. कॉलेजात ती एनसीसीत होती. तिथे दोन वर्षं तिने रायफल चालवली. मग लग्न, मुलं, ओटा. त्या दोन वर्षांबद्दल ती कधी बोलत नसे. घरात कुणाला सुईत दोरा ओवता आला नाही की मात्र म्हणायची, "आन इकरं, नेम माझा हाय."

तीन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. घरात एवढाच शब्द उच्चारला गेला, ऑपरेशन. कशाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही म्हणत नव्हतं. नवऱ्याने दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. "उजवीकडचं काढलं. बगलेतल्या गाठी पण काढल्या," असं एका दमात सांगून त्याने फोन ठेवला. भावाने बहिणीविषयी इतकंही बोलणं त्याला जड गेलं होतं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. बाय हनुवटीपर्यंत चादर ओढून पडली होती. खोलीत स्पिरिटचा आणि सोललेल्या मोसंबीचा वास होता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, तिने डोळे मिटले, आणि आम्ही दोघी हवापाण्याविषयी बोललो.

त्या वर्षी मी तिच्यावर कविता लिहिली.

मी खारघरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. कविता हे माझं शिक्षण, आणि खरं सांगायचं तर माझा अहंकारही. त्या कवितेत एक ओळ होती, तिच्या देहाची एक बाजू आता सपाट किनाऱ्यासारखी झाली आहे, अशा अर्थाची. पहिल्या खर्ड्यात मी 'उजवी' लिहिलं होतं. ओळ कलंडत होती. 'डावी' म्हटलं की ती नीट थांबत होती. शिवाय हृदय डावीकडे असतं, त्यामुळे पुढच्या ओळीला आधार मिळत होता. एका दुपारी मी 'उजवी' खोडून 'डावी' केलं. कविता दिवाळी अंकात आली. दोन वाचकांची पत्रं आली, एका मैत्रिणीने रडत फोन केला. अंकाची एक प्रत मी बायला ओट्यावर नेऊन दिली. तिने ओले हात पदराला पुसले, अंक घेतला आणि वजनाच्या काट्यामागे कोरड्या जागी ठेवला. "वाचते," म्हणाली. नंतर त्याविषयी ती काहीच बोलली नाही. ती हलून गेली असणार, असं मी समजले.

बदललेला शब्द त्यानंतर माझ्या कवितेत राहिला नाही, माझ्या आठवणीत शिरला. मी ती कविता इतक्या ठिकाणी वाचली, इतक्यांदा डावा हात छातीकडे नेत वाचली, की नवऱ्याचा तो फोन माझ्या मनातून पुसला गेला. वर्षभराने मला कुणी विचारलं असतं तर मी ठामपणे डावी म्हणाले असते.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर बाय एका रविवारी आमच्याकडे आली. हातात सुक्या जवळ्याची पिशवी. चहा होईपर्यंत ती बाल्कनीच्या दारात उभी राहून तिथलं माझं सामान पाहत होती. मग म्हणाली, "वयनी, तुझ्या बापाची मशिनं चालतात ना अजून?"

"चालतात. का गं?"

"मना बंदुकीचा दस्ता बनवून दे."

माझा नवरा पेपरामागून म्हणाला, "ओट्यावर कोयता कमी पडतो काय?"

"गिऱ्हाईक भाव पारतं ना दादा, तवा लागंल," ती म्हणाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. हाताच्या व्यायामासाठी ती कामोठ्याला जात असे. तिथे त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, दहा मीटरची छऱ्याच्या रायफलीची रेंज होती. एक दिवस ती जिना चढून वर गेली. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी रायफल तिच्या हातात दिली आणि दोन छरे झाल्यावर विचारलं, "ताई, आधी कुठं चालवलीय?" तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, बाजार आटोपला की ती जात होती. आम्हांला कुणालाही न सांगता.

आता जानेवारीत मोठ्या वयाच्या बायकांची एक स्पर्धा होती आणि सरांनी तिचं नाव दिलं होतं. साठ छरे, उभ्याने. चाळीसाव्या छऱ्याला तिचा हात मरत होता. लोखंडाचं वजन कमी करता येत नाही, नळी आणि हवेची टाकी आहे तेवढीच राहणार. कमी होईल तर दस्त्याचं, असं सर म्हणाले होते. हलके तयार दस्ते परदेशातून येतात, तेही लांबच लांब हातांच्या माणसांच्या मापाचे.

"पयला नंबर नको मना," बाय म्हणाली. "साठ पुरं करायचं हाय. मधी खाली नाय ठेवायची."

माझे वडील महाप्याच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लोखंडाच्या आधी लाकडात जे साचे करतात, ते बनवण्याचं त्यांचं काम. त्यांच्या मागे त्यांची ड्रिल मशीन, राउटर, कानशी, पटाशा आणि पिवळ्या पडलेल्या फूटपट्ट्या माझ्याकडे आल्या. त्या हत्यारांनी मी पुस्तकांसाठी एक मांडणी बनवली होती, एक पाळणा केला होता. लाकूड मला कळतं, असा माझा समज होता. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की तिला आणखी काही सांगायचं होतं का, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

लाकूड तिनेच आणलं. जेट्टीजवळ होड्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराकडे पांगाऱ्याचा एक ओंडका दोन वर्षं सावलीत वाळत पडला होता. "बाबाच्या जाल्याला ह्याचंच बोयं बांधायचं," ती म्हणाली. "पान्यात बुडत नाय. भुईवर पन हलकंच." मी ओंडका उचलला आणि माझा हात नको तेवढा वर गेला, डोळ्यांनी सांगितलेलं वजन तिथे नव्हतंच. पांगारा मऊ असतो, स्क्रू धरत नाही. म्हणून जिथे रायफलीचं लोखंड बसणार आणि जिथे मुठीचा घाम लागणार, तिथे सागाचे तुकडे चिकटवायचे, बाकी सगळा पांगारा, आणि तोही आतून कोरलेला. मी आलेखाच्या कागदावर आकृती काढली. मला आठवतं, आकृतीखाली मी सही केली होती.

मग मापं.

बाय हॉलच्या मध्यभागी उभी राहिली. मी टेप घेऊन तिच्याभोवती फिरत होते. कोपराच्या खळगीपासून बोटाच्या पेरापर्यंत, गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत, कमरेपासून कोपरापर्यंत. टेप तिच्या अंगापासून वीतभर दूर धरून मी आकडे वाचत होते, जणू ती तापलेली आहे. तिच्या साडीला मासळीचा नाही, कापराचा वास येत होता. येण्याआधी ती मुद्दाम अंघोळ करून आली होती. डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. उजवं मनगट ऑपरेशननंतर मोकळंच असायचं. ते मी पाहिलं. 'घोडा ओढणारा हात, म्हणून मोकळा,' असं मी त्या संध्याकाळी वहीत लिहूनही ठेवलं.

मापं संपत आली तेव्हा ती म्हणाली, "बगलेचं माप नको? सर बोलले, तितं गल असतो ना, तो बसला पायजे." हुकाला ती गळ म्हणत असे.

तिने उजवा हात थोडा वर उचलला होता. पदर खांद्यावरून ढळू लागला होता आणि तिने तो सावरला नव्हता.

"नको, नको," मी म्हणाले. "ते मी बघते."

या वाक्यापाशी मी अनेकदा परत आले आहे. तिने हात वर केला होता. ऑपरेशननंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी ती जागा दाखवू पाहत होतं, आणि मी, जिने त्या जागेवर चोवीस ओळी लिहिल्या होत्या, टेप गुंडाळून चहा गरम करायला निघून गेले. संकोचाला मी सभ्यता म्हटलं.

बगलेचं माप मी माझ्या अंगावर घेतलं. आम्हां दोघींची उंची सारखी, खांदे सारखे. कणीक घट्ट मळली, तिचा लांबट गोळा उजव्या बगलेत धरला, हात खाली आणला आणि शंभर आकडे मोजले. गोळा थंडगार होता. निघाला तेव्हा त्यावर माझ्या देहाचा एक खोल, गोलाई असलेला ठसा होता. मांसल, धडधाकट, कुठेही न शिवलेला. उजवी बाजू तर तिची शाबूतच आहे, असं मनात आल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्या ठशावरून मी प्लायवूडचा साचा कापला.

पुढचे दोन महिने बाल्कनीत राउटर घुमत राहिला. त्याला साच्याच्या कडेने फिरवत नेलं की खालचं लाकूड तसंच कापलं जातं. हात तेवढा घाई न करता पुढे सरकवायचा. पांगाऱ्याचा भुसा फार बारीक, पिठासारखा. तो तुळशीवर बसायचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या सायीवर. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. "मॅडम, एक ते चार मशीन बंद ठेवा. खालच्या आजींना टेन्शन येतं. त्यांना वाटतं दाताच्या डॉक्टरने दवाखाना टाकला." मग दुपारी मी हातानेच कानस चालवायची. आतून लाकूड काढत जायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणखी काढायचं. जाड असताना आवाज बंद दारासारखा येतो. पातळ होत गेलं की डफासारखा. कवितेतून शब्द काढण्याचीच ही रीत आहे, असं मी वर्गात मुलांना सांगितलं. मुलांनी ते लिहून घेतलं.

दस्ता तयार झाला तेव्हा मी तो घेऊन थेट बाजारात गेले. बायने काट्याचं ताट धुतलं, पुसलं आणि दस्ता त्यावर आडवा ठेवला. नऊशे चाळीस ग्रॅम. रेंजवरच्या जुन्या दस्त्याच्या जवळजवळ निम्मा. कोलंबी घ्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे कुठलं मासं गं?"

"सुरमई हाय, बिनकाट्याची," बाय म्हणाली. "वयनीने पकरली."

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. शेजारची म्हणाली, "तुझी वयनी पुस्तकं वाचते ना गो? हे कवा शिकली?" मी तिथे उभी होते, पायाशी बर्फाचं पाणी वाहत होतं, चपला भिजत होत्या, आणि मला जे वाटत होतं त्याला सुख हा एकच शब्द आहे.

बायने हात पुसून दस्ता खांद्याला लावला. हूक बगलेत सरकला आणि तिचा श्वास एक क्षण अडकला. अगदी छोटा, आवाज न होणारा अडथळा. तिचे डोळे भरल्यासारखे दिसले. "बसला," ती म्हणाली. "एकदम बसला."

त्या अडकलेल्या श्वासाचं वर्णन मी वहीत पाऊण पान केलं आहे.

नोव्हेंबर आणि डिसेंबर ती त्याच दस्त्यावर सराव करत राहिली. मी तिला फोनवर विचारायची, "कसा आहे?" ती म्हणायची, "हलका हाय." मी विचारायची, "पन्नास होतात का?" ती म्हणायची, "व्हतील." मी दस्त्याचे फोटो स्टाफरूममध्ये दाखवले. एका महिला मंडळाने मला बोलावलं आणि मी हस्तकला व कविता यांच्या नात्यावर तासभर बोलले. शेवटी ती कविता वाचली, डावा हात छातीकडे नेत. टाळ्या थांबल्यावर एका वयस्क बाईंनी जवळ येऊन विचारलं, "तुमच्या नणंदबाई आल्या असतील ना?" मी म्हणाले, तिचा बाजाराचा वेळ असतो. तिला मी बोलावलंच नव्हतं.

स्पर्धेला दहा दिवस उरले असताना मी पहिल्यांदा रेंजवर गेले. लांबट खोली, पांढऱ्या ट्यूबलाइट, रबराच्या चटया, तेलाचा आणि शिशाचा कोंदट वास. सर उठून उभे राहिले. "या मॅडम. बॅलन्स एक नंबर झालाय बघा. पण ताई पस्तीसच्या पुढं ढेपाळतात. म्हटलं, खाणंपिणं बघा जरा."

बाय जाड कॅनव्हासचं जॅकेट घालून उभी होती. डावं कोपर कमरेवर टेकवलेलं, गाल माझ्या पांगाऱ्यावर. फट्, असा कोरडा आवाज व्हायचा आणि दूर कागदावर एक काळा ठिपका उमटायचा. मी मनात मोजत होते. तिसाव्या छऱ्यानंतर तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला. चौतिसाव्यानंतर तिने रायफल टेबलावर ठेवली आणि सरांकडे न बघता ती आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले.

तिने जॅकेटचे पट्टे सोडले होते. ब्लाउजच्या उजव्या बगलेत एक रुमाल घडी करून खोचला होता. तिने तो काढला. पांढऱ्या सुती कापडावर चंद्रकोरीच्या आकाराचा तांबूस, ओला डाग होता. माझ्या हुकाचा आकार मी कुठेही ओळखला असता.

"बाय, हे काय?"

"सालटं निघतं जरा. रोज नाय निघत."

"पण इथे कशाने—" मी म्हणाले. तिने ब्लाउजची दोन बटणं काढली होती. बगलेपासून छातीच्या मध्यापर्यंत जाणारी ती रेघ मी पहिल्यांदा पाहिली. रेघेचं बगलेतलं टोक लाल, सोललेलं होतं. त्याभोवतीची जागा सपाट नव्हती, किनाऱ्यासारखी तर अजिबात नव्हती. कातडी ओढून शिवलेली, एका ठिकाणी चुणी पडलेली, खाली बरगडी दिसत होती. उजवीकडे.

"उजवी होती, वयनी," बाय म्हणाली. मुलाला धडा सांगावा तशा आवाजात.

माझा डावा हात छातीकडे निघाला होता. मी तो खाली घेतला.

"तू लिवलं ना डावी. मी वाचलं. मना वाटलं, कवितेत तसं चालत असंल." मग थोडं हसली. "आमच्या ह्यांनी पन वाचलं. बोलले, डाक्टरनी भलती बाजू कापली का काय."

"मला सांगितलं का नाहीस? दस्ता बनवताना तरी?"

"हात वर केला व्हता मी."

बाहेर कुणाचा तरी छरा लागल्याचा आवाज आला. ती रुमालाची घडी उलटी करून कोरडी बाजू शोधत होती.

"आनि बनल्यावर काय सांगनार? तू कवरी मेहनत केली. बाजारात सगल्यांसमोर आनलास. सुरमई बोलले मी त्याला." तिने रुमाल परत बगलेत ठेवला. "ती जागा तशी बधीर हाय. पस्तीसपर्यंत नाय कलत. मग कलतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेले दोन महिने ती माझा दस्ता सोसत होती. वजन निम्मं झालं होतं आणि साठ छरे पूर्वीपेक्षा लांब गेले होते. जुन्या, जड दस्त्यावर ती चाळीसपर्यंत पोचत होती. हे तिने मला कधीच सांगितलं नाही आणि त्या दिवशीही नाही. पण दोन्ही आकडे मला ठाऊक होते आणि वजाबाकी मीच केली.

दुसऱ्या दिवशी बाय माझ्या बाल्कनीत बसली होती. या वेळी मी टेप काढला नाही. "कुठे चालेल ते दाखव," एवढंच म्हणाले. तेही तिच्याकडे न बघता. तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं खरखरीत, मिठाने कडक झालेली. माझा तळवा तिने पदराखाली नेऊन त्या रेघेवर ठेवला. रेघ ऊबदार होती. "हितं नको," ती म्हणाली. तळवा वर सरकवला. "हितं पन नको." आणखी वर, खांद्याच्या हाडाबाहेर, दंड सुरू होतो तिथल्या भरीव जागी. "हितं चालंल." अंधारात वस्तू शोधावी तसा माझा हात ती फिरवत होती. माझ्या तळव्याला घाम आला होता आणि तो तिला कळत असणार, याचीही मला लाज वाटत होती.

मी हूक करवतीने कापला. अकरा दिवस घासून केलेला बाक कापायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याच्या जागी दंडावर टेकेल असा सपाट, रुंद तुकडा बसवला, त्यावर जुन्या चपलेच्या तळव्याचं मऊ रबर. कापलेली जागा मी तशीच ठेवली. बाकी दस्ता तपकिरी, पॉलिश केलेला, आणि तिथे पांगाऱ्याचं फिकट, उघडं, तंतू निघालेलं लाकूड. चूक दिसत राहावी, असं मला वाटत होतं. मी ते नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "बायला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी सामान तपासणाऱ्या टेबलावर एका बाईंनी दस्ता उलटासुलटा करून पाहिला. वजन केलं, मापं घेतली, नियमात बसत होता. "कंपनीचा दिसत नाही. कुणी केला?"

"माझ्या वयनीने," बाय म्हणाली आणि माझ्याकडे हनुवटीने खूण केली. त्या बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी निघून गेले नाही, एवढंच.

तिने साठ पुरे केले. एकदाही रायफल मध्येच सोडून बसली नाही. चाळीसच्या पुढे माझे डोळे कागदावर नव्हते, तिच्या उजव्या बगलेच्या कापडावर होते. तिचा नंबर शेवटून दुसरा आला आणि सरांनी तिला एनसीसीतल्यासारखा कडक सॅल्यूट ठोकला. तिनेही ठोकला, हातातला पेढा तोंडात टाकून.

परतताना गाडीत तिने दस्ता मांडीवर घेतला होता. कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवत ती म्हणाली, "वयनी, हे असंच का ठेवलंस?"

मी सांगितलं. लाज वाटावी म्हणून, माझी मला.

तिने अंगठ्याला लागलेलं एक कुसळ काढून टाकलं. मग म्हणाली, "जाकिटाला अरकतं ते. कुसं निघतात, टोचतात. आज पन टोचत व्हतं." आणि दस्ता माझ्या मांडीवर ठेवला. "तुना लाज वाटू दे. पन माझ्या अंगाला कशाला?"

मी त्या दिवशी घरी पोचल्यावर साडीही न बदलता बाल्कनीत बसले. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग सर्वांत बारीक. प्रत्येक वेळी कापलेल्या जागेवरून हाताची बोटं फिरवून पाहिली, आणि बोटं चुकतील म्हणून गालही लावून पाहिला. पॉलिशचे तीन हात दिले. सुकल्यावर ती जागा बाकीच्या दस्त्यापासून वेगळी ओळखता येईना. बाय येऊन घेऊन गेली.

खणातला हूक तिला माहीत नाही. कवितासंग्रहाची मुद्रितं आली तेव्हा त्या ओळीत मी 'डावी' खोडून 'उजवी' केलं. ओळ कलंडते. परवा बायला फोन करून विचारलं, की ही कविता पुस्तकात राहू दे का. हे मी तीन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

मागे बाजाराचा गलका होता, बर्फ फोडल्याचा आवाज होता. मी पहिल्या ओळीपासून वाचू लागले. किनाऱ्याची ओळ आली, तीही वाचली. ती जागा आता माझ्या तळव्याला माहीत होती.

"सपाट नाय हाय ते," बाय फोनवर म्हणाली. "तुझा हात लावला ना मी."

कविता मी पुस्तकातून काढली आहे.